नेब्रास्काचा माल

बस्त्यावकाका एक पुस्तक कधीच वाचत नसत. वाचायची तर दोन. एकटं पुस्तक कोणी हातात दिलं, की ते त्याच्याकडे असे बघत, जसं एकाच पायात चप्पल घालून दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याकडे आपण बघू. आणि मग विचारत, "ह्याचं दुसरं कुठाय?"

ह्या सवयीशी माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी कतारला, दोह्यात नवा होतो. अल मन्सूरातल्या एका जुन्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको सलमा, आणि आमच्या खाली काका. दोह्यात तेव्हा असं ऊन पडायचं की दुपारी सावली भाड्याने घ्यावी लागे. एसीचं पाणी ठिबकतं त्या जागेसाठी मांजरांची आपसात पाळी लावलेली असे. अशा एका दुपारी मी वेळ काढायला म्हणून त्यांच्याकडे एखादं पुस्तक मागायला गेलो. काकांनी दोन दिली. तपकिरी कागदाची कव्हरं, शाळेतल्या वह्यांना घालतात तशी, आणि दोन्ही पुस्तकं सुतळीने एकमेकांना बांधलेली.

"मला एकच पुरे," मी म्हणालो.

"एक मिळत नाही."

"का?"

"तू बाटाच्या दुकानात जाऊन उजवी चप्पल तेवढी मागतोस का?"

काका वसईचे. पासपोर्टवर सेबॅस्टियन, पण वसईत सेबॅस्टियनचा बस्त्याव होतो. एका मोठ्या हॉस्पिटलात ते स्टोअरकीपर होते. त्याआधी ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलेलं. तिथून ते 'चलान' हा शब्द जो घेऊन आले तो शेवटपर्यंत सुटला नाही. मालाबरोबर येतो तो कागद, त्याला दोह्यात सगळे डिलिव्हरी नोट म्हणत. काका चलानच म्हणत, आणि त्यांच्या हाताखालचे नेपाळी, इजिप्तचे मिसरी, फिलिपिनो सगळे चलान म्हणायला शिकले होते. मी तर असं ऐकलंय की त्या हॉस्पिटलात जन्मणारं मूल पहिल्यांदा आई म्हणत नसे, चलान म्हणत असे.

काकांचा सगळा वेदांत ह्या शब्दात होता. "बघ परकार," ते मला समजावत, "पेटी आली आणि चलान नाही, तर ती पेटी घ्यायची नाही. कुठून आली, कोणी पाठवली, काय ठाऊक! आणि नुसतं चलान आलं, पेटी नाही, तर सही करायची नाही. कागदावर काय, कोणीही काहीही लिहील. दोन्ही समोर ठेवायचं. मग पेटी उघडायची. मग सही."

आता हे पुस्तकांना कसं लागू पडतं? तर इतिहासाचं पुस्तक म्हणजे चलान. किती माणसं गेली, किती मैल गेली, कोण जिंकलं, सगळं लिहिलेलं. आणि कादंबरी म्हणजे पेटी. त्या माणसांच्या बुटात खडा गेला होता का, त्यांना रात्री कोणाची आठवण यायची, हा माल. म्हणून प्रत्येक इतिहासाला एक कादंबरी बांधलेली. कव्हरावर हिरवा ठिपका चलानाचा, तांबडा ठिपका मालाचा. आणि सगळा इतिहास एकाच देशाचा. अमेरिकेचा.

माझ्यासारख्या माणसाला असा शेजारी म्हणजे अल्लाने घेतलेली परीक्षाच. मी मूळचा श्रीवर्धनचा. आमच्याकडे माणूस मासळी आणायला गेला आणि बोंबील घेऊन आला, तरी घरी सांगताना त्याचा देवमासा होतो. मी रंगात येऊन सांगावं, की आमच्या मामूने एकदा एवढी सुरमई पकडली, एवढी, की तिच्या सावलीत होडी शाकारून ठेवली, आणि सगळे आ वासून ऐकत असताना काकांनी चष्म्यावरून बघत शांतपणे विचारावं, "चलान?"

खलास. तिथे माझी सुरमई मरे.

अमेरिकाच का, हे सांगायला हवं. काकांची मुलगी ग्लेंडा अमेरिकेत होती.

काकू, म्हणजे काकांची बायको मोनिका, ग्लेंडा लहान असतानाच गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. नातेवाइकांनी सांगितलं, पोरीला वसईत बोर्डिंगात ठेवा, एकट्या पुरुषाला तिकडे जमायचं नाही. काका तिला घेऊन दोह्याला आले. तिची वेणी घालता येईना, तर स्टोअरमधल्या मॉपच्या दोऱ्यांवर सराव केला. म्हणजे त्या वर्षी हॉस्पिटलातला प्रत्येक मॉप तेल लावून, दोन वेण्या घालून, तांबड्या रिबिनी बांधून फरशी पुसायला निघत असे. (हे मी काकांसमोर सांगितलं की ते म्हणत, "एकच मॉप होता. आणि तेल नव्हतं.")

ग्लेंडा इथल्या इंग्लिश शाळेत शिकली. काका तिला लाडाने बाय म्हणत. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत. "बाय, जेवलीस?" "येस, पप्पा." "बाय, झोपायचं नाही का?" "इन अ मिनिट, पप्पा." बापलेकीचा आख्खा संसार असा दोन भाषांत चालला. बाप मराठीत माल पाठवी, लेक इंग्रजीत पोच देई. मग ती रक्त तपासायच्या लॅबचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला गेली, आणि शिकून झाल्यावर नेब्रास्का नावाच्या राज्यात एका हॉस्पिटलात नोकरीला लागली.

ती गेली त्या आठवड्यात काकांनी कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या सामान-विक्रीतून अमेरिकेच्या इतिहासाचा एक ठोकळा विकत आणला. तो घरी आणायला क्रेन लागली होती असं मी म्हणतो. काका म्हणतात, टॅक्सी. पोरगी कुठल्या देशात गेली ते कळायला हवं, म्हणून महिनाभर तो वाचला. आणि मिटून ठेवून म्हणाले, "हे तर नुसतं चलान आहे."

तिथून ते वेड सुरू झालं.

शुक्रवारी सकाळी काकांची चर्चमध्ये मिस्सा असे, दुपारी माझा जुम्म्याचा नमाज, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये बिरादारची झोप. बिरादार म्हणजे आमच्याच बिल्डिंगीतला लातूरचा अकाउंटंट, बायकापोरं गावी. हा माणूस उभ्याने झोपू शके. लिफ्टमध्ये तळमजल्यावर झोपून चौथ्या मजल्यावर ताजातवाना उठताना मी त्याला स्वतः पाहिलाय. तर जुम्मा झाला की आम्ही सगळे काकांच्या घरी जमायचो. काका वसईचा मसाला घालून हमूर माशाचं कालवण करत, सलमा वरून भाताचं पातेलं घेऊन येई, आणि जेवण झालं की पडदे ओढून, एसी लावून, आम्ही गालिच्यावर आडवे व्हायचो. मग काका वाचायला लागत.

वाचायची पद्धतही त्यांचीच. एक पान चलानाचं, एक पान मालाचं. वाचता वाचता मराठीत सांगत जायचे. इतिहासाच्या पानावर दोन सैन्यं नदीच्या दोन तीरांवर उभी. कादंबरीच्या पानावर त्यातल्याच एका शिपायाचे मोजे वाळत नाहीत. इतिहासात रेल्वेचे रूळ डोंगर फोडून पुढे चाललेले. कादंबरीत रूळ टाकणाऱ्या चिनी मजुरांचा आचारी संध्याकाळी चहाचं पाणी उकळतोय आणि त्या वाफेत त्याला आपल्या गावचा घाट दिसतोय. पोट भरलेलं, एसीची घरघर, काकांचा तो संथ आवाज. एक पान इकडचं, एक पान तिकडचं, आणि मधल्या सांध्यातून आम्ही हळूहळू झोपेत घसरायचो. स्वप्नात सगळं एक होई. खालून पाण्याचा टँकर गेला की मिसिसिपीवरून आगबोट गेली असं वाटे. बांग झाली की शिपाई मोजे काढून नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला बसलेले दिसत. सलमा एकदा झोपेतून उठून म्हणाली, "अहो, त्या चिन्याला भात दिला का कोणी?"

सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला धावलेल्या माणसांची जोडी वाचली तेव्हा मात्र बिरादार जागा होता. एकेका खोलीत दहा दहा माणसं, पाळीपाळीने झोपायची, सोनं कोणालाच फारसं मिळालं नाही, पण त्यांना फावडी विकणारा दुकानदार गबर झाला. बिरादार कुशीवर वळून म्हणाला, "काका, हे अमेरिकेचं कशाला सांगता? हे तर आपल्या बिल्डिंगीचंच हाय की." आणि परत झोपला.

एकच जोडी काकांनी आम्हाला पडून ऐकू दिली नाही. गुलामांच्या बाजाराची. ती काढली आणि म्हणाले, "उठून बसा." आम्ही बसलो. त्या दिवशी कोणी झोपलं नाही. मीही काही वाढवून सांगितलं नाही.

दोह्यात उत्तरेकडून धुळीचा वारा सुटतो, त्याला शमाल म्हणतात. एका शमालात तर अशी धूळ आली की गाड्यांनी दिवसा दिवे लावले आणि समोरच्या मल्याळी किराणावाल्याचं दुकान दोन दिवस सापडलं नाही. सगळं शहर खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबत असताना आमच्या डोक्यावर गच्चीत धडधड पावलं वाजली. वर जाऊन बघतो तर बस्त्यावकाका! लुंगी, तोंडाला स्टोअरमधला मास्क, डोळ्यांवर पोहायचा चष्मा, आणि दोन हातांत दोन पुस्तकं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात मागे वर्षानुवर्षं धुळीची वादळं झाली होती, शेतंच्या शेतं उडून गेली होती, त्याची जोडी.

"परकार!" ते ओरडले. "ओक्लाहोमा! आत बसून काय करतोस? माल आलाय, माल!"

पुढचा आठवडाभर ते खोकत होते. पण त्या खोकल्याला, ते म्हणत, चलान होतं.

एकदा मिसिसिपी दाखवायला म्हणून आम्हाला पार उत्तरेला, अल रुवैसच्या बंदरावर घेऊन गेले. तिथे कसली नदी! चार लाकडी होड्या, जाळी सुकवणारे दोन म्हातारे आणि ताटासारखा सपाट समुद्र. पण सूर्य कलला, पाणी गढूळ सोनेरी झालं, काकांनी नदीवरच्या नावाड्यांचं एक पान वाचलं, एक पान पुराचं वाचलं, आणि खरं सांगतो, क्षितिजावर काहीतरी चाक फिरवत, धूर सोडत, अगदी आस्ते आस्ते डावीकडून उजवीकडे गेलं. मी पाहिलं. बिरादारनेही पाहिलं; पण तो झोपेत होता, त्यामुळे त्याची साक्ष काकांनी धरली नाही.

आता फोनचं.

शुक्रवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर ग्लेंडाचा फोन येई. तिची ड्यूटी दुपारची, त्यामुळे तिकडे तेव्हा निवांत सकाळ. फोन स्पीकरवर टाकलेला असे. आम्ही सगळे मिळून ओरडायचो, "हाय ग्लेंडा!" ती म्हणे, "हाय एव्हरीबडी!" मग काका पुढे वाकून विचारत. प्रश्न ठरलेले, त्यांचा क्रमही ठरलेला.

"बाय, जेवलीस?"

"येस, पप्पा."

"बर्फ आहे?"

"लिट्ल बिट, पप्पा."

"गाडी नीट चालते?"

"येस, पप्पा."

"तब्येत? सगळं ठीक?"

"एव्हरीथिंग इज फाइन, पप्पा. ओके, बाय पप्पा. लव्ह यू."

फोन बंद. काका बटण दाबून तसेच बसून राहत. एकदा आम्ही दोघंच होतो तेव्हा ते फोनकडे बघत म्हणाले, "दर शुक्रवारी चलान येतं, परकार. बरोबर वेळेवर येतं. एक चूक नसते. पेटी काही येत नाही."

माझी नजर त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेली.

तेव्हा मला त्या कपाटातलं एक कोडं उलगडलं. काकांच्या कपाटात सगळी पुस्तकं जोडीने असत, फक्त एक सोडून. हिरव्या ठिपक्याचं, नेब्रास्काच्या इतिहासाचं एक पुस्तक एकटंच उभं असे. शेजारी एका पुस्तकाची जागा मोकळी. बाकीच्या देशाचा माल मिळाला होता. पोरगी राहते त्या राज्याचाच मिळत नव्हता. दोह्यातल्या दुकानांत नेब्रास्काची कादंबरी कोण ठेवणार? काकांनी ग्लेंडाला का सांगितलं नाही, असं सलमाने विचारलं, तर म्हणाले, "तिला विचारलं तर ती विचारेल, कशाला पाहिजे. मग काय सांगू? तुला ओळखायला पाहिजे, म्हणून?"

म्हणून ते सामान-विक्रीच्या मागे लागले. करार संपून परत जाणारे गोरे लोक आपापल्या कंपाउंडात घरातलं सामान विकायला काढत. सोफे, पडदे, पोरांच्या सायकली आणि खोक्यात पुस्तकं. प्रत्येक शुक्रवारी मिस्सा संपली की काका अशी एखादी विक्री गाठत. मीही बरोबर जायचो, कारण मला कोणीतरी सोफा फुकट देईल अशी आशा होती.

एका कंपाउंडात एक उंच, पांढऱ्या केसांच्या अमेरिकन बाई खोकी बांधत होत्या. कुठल्याशा तेल कंपनीतल्या साहेबाची बायको. काकांनी त्यांना अदबीने सलाम केला आणि म्हणाले, "मॅडम, आय हॅव ओन्ली द पेपर. आय ॲम लुकिंग फॉर द गुड्स."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आम्ही चोरून दारू मागतोय. आवाज खाली आणून म्हणाल्या, "वी हॅव नो गुड्स. वी गेव्ह ऑल द बॉटल्स टु द नेबर्स."

"नो नो मॅडम, नॉट बॉटल. गुड्स फ्रॉम नेब्रास्का. थ्री इयर्स आय ॲम सर्चिंग. विदाउट गुड्स आय कॅनॉट स्लीप."

झालं! बाई तीन पावलं मागे सरकल्या. शिट्टी वाजली. बारा शिपाई, चार कुत्रे आणि एक आगीचा बंब आला, त्यांनी आम्हाला घेरलं, वर हेलिकॉप्टर फिरू लागलं...

"एक नेपाळी वॉचमन आला," काका नंतर सगळ्यांना सांगत, "आणि त्याच्या हातात चहा होता."

बरं, एक वॉचमन. पण होता धिप्पाड. त्याच्यासमोर काकांनी पिशवीतून नेब्रास्काचा इतिहास काढला, हिरवा ठिपका दाखवला, कपाटातली रिकामी जागा हातांनी हवेत दाखवली, चलान म्हणजे काय, पेटी म्हणजे काय, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "माय डॉटर इज देअर."

बाई खोक्यांकडे वळल्या. मग बांधून झालेली दोन खोकी त्यांनी पुन्हा फोडली. तळाशी हात घालून एक पुस्तक काढलं, फार वाचून मऊ झालेलं. आपल्या आईचं आहे म्हणाल्या. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. "शुक्रन," म्हणाले. गोंधळून आभार अरबीत. बाईही म्हणाल्या, "शुक्रन."

सोफा काही मिळाला नाही.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर काकांनी नवीन जोडी काढली. कव्हर घातलेलं नव्हतं, ठिपकाही नव्हता; एवढीही कळ काढवली नव्हती. पडदे ओढले. बाहेर शमाल सुटला होता, बेताचाच, खिडकीच्या फटीतून शीळ घालत होता.

एक पान इतिहासाचं. सपाट माळ, झाड नाही, दगड नाही. सरकारने जमिनी वाटल्या, माणसं आली, मका पेरला, रेल्वे आली.

एक पान कादंबरीचं. एक बाई लग्न होऊन दूरच्या कुठल्याशा बेटावरून त्या माळावर येते. घर कशाचं, तर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचं. नवरा दिवसभर शेतावर. आणि वारा. सकाळी वारा, दुपारी वारा.

मी डोळे मिटले होते. खोलीतून गवताचा वास यायला लागला, गालिचा हलक्या लाटांनी हलायला लागला. काकांचा आवाज लांबून येत होता. मका किती पिकला. मग ती बाई. महिन्याकाठी शेजारची घोडागाडी लांबून जाते. गाडीवाला थांबत नाही, ओरडून विचारतो, "सगळं ठीक?" ती हात हलवते, "ठीक!" गाडी दिसेनाशी झाली की ती आत जाते आणि कोंबड्यांशी बोलत बसते, तिच्या बेटाच्या भाषेत. कोंबड्यांना तिने बहिणींची नावं ठेवलीत.

मग रेल्वे कुठपर्यंत आली ते. मग पुन्हा ती बाई. पुन्हा गाडी. "सगळं ठीक?" "ठीक!" पुन्हा कोंबड्या.

आवाज थांबला. मी डोळे उघडले. काका पुस्तकावर बोट ठेवून बसले होते. पुढचं पान चलानाचं होतं, पण ते उलटत नव्हते.

कोपऱ्यातून बिरादारचा आवाज आला. डोळे मिटलेलेच. "गाडीवाला गाढव हाय. दरवेळी लांबूनच काय विचारतो? उतरून बघायचं की जरा."

काकांनी बिरादारकडे पाहिलं. तो घोरायला लागला होता. त्यांनी दोन्ही पुस्तकं मिटली. आज एवढंच, म्हणाले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आम्ही चहा घेतला, मी नमाज पढून आलो.

फोन वाजला.

"हाय ग्लेंडा!" आम्ही ओरडलो.

"हाय एव्हरीबडी!"

काका पुढे वाकले. "बाय, जे—" आणि थांबले. आम्ही वाट बघत होतो. फोनमध्ये ग्लेंडाही वाट बघत होती. "पप्पा? हॅलो?"

"बाय," काका म्हणाले, "तिथे वारा कसा असतो गं?"

मला वाटलं, लाइन गेली. सलमाने माझ्याकडे पाहिलं. मग फोनमधून एक बारीक आवाज आला. आवाज ग्लेंडाचाच, पण शब्द पायाखाली चाचपत यावेत तसे येत होते.

"पप्पा... वारा खूप आवाज करतो."

ती मराठीत बोलत होती. मी तिला कितीतरी वर्षं फोनवर ऐकत होतो. तिच्या तोंडून आख्खं मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"करतो ना?" काका म्हणाले.

"सगळीकडून येतो. घर हलतं. मी पण त्याच्याशी बोलते, पप्पा."

"काय बोलतेस?"

"तुझ्यासारखं. तो दार वाजवतो ना, मी सांगते, चलान कुठाय? चलान दाखव, मग आत ये."

आम्ही सगळे खो खो हसलो. बिरादारसुद्धा जागा होऊन हसला. ग्लेंडाही हसली. हसत राहिली. आणि मग ते हसणं मध्येच कुठेतरी ओलं झालं, आणि तिला थांबवता येईना.

काकांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. स्पीकर बंद झाला. दुसऱ्या हाताने त्यांनी आम्हाला दाराकडे खूण केली, आमच्याकडे न बघता, जशी कोंबड्यांना करतात तशी.

आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो. अंधाऱ्या पॅसेजमध्ये ज्याच्या पायाला जी लागली ती चप्पल घातली. दार ओढताना मला एवढंच ऐकू आलं, "बोल बाय. मी आहे. हं. हं. बोल."

रात्रीची, इशाची बांग होऊन गेल्यावर सलमा म्हणाली, "अहो, भाताचं पातेलं खालीच राहिलं." मला ठाऊक आहे, तिला पातेलं नको होतं. मी खाली गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काका दिवा न लावता खिडकीशी बसले होते. खिडकी उघडी! धूळ आत येत होती आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं. रिसीव्हर जागेवर होता. ती दोन पुस्तकं खिडकीच्या कट्ट्यावर एकावर एक पडली होती.

"ठेवला का फोन?"

"आत्ताच."

"काय झालंय तिला? आजारी आहे? नोकरीचं काही?"

"माहीत नाही."

"अहो, मग विचारलं नाहीत?"

"नाही."

"इतका वेळ काय बोलत होता मग?"

"मी नाही," काका म्हणाले. "ती बोलत होती."

मी पातेलं उचललं. जायला हवं होतं, पण पाय निघेना. त्या माणसाला त्या खिडकीत तसं सोडून जायचं कसं! आणि गप्प बसायची आमच्या खानदानात कोणाला सवय नाही. म्हणून मी आपलं काहीतरी सुरू केलं.

"वाऱ्याचं काय घेऊन बसलात काका," मी म्हणालो, "आमच्या श्रीवर्धनला एकदा असा वारा सुटला, असा सुटला, की आमच्या मामूच्या विहिरीतलं पाणी उडालं आणि नेमकं शेजाऱ्याच्या विहिरीत जाऊन पडलं. कासवासकट!"

आणि सवयीने थांबलो. त्या एका शब्दासाठी जागा सोडली.

बाहेर शमाल वाहत होता. काका वळले. अंधारात त्यांचा चष्मा तेवढा चमकला.

"मग?" ते म्हणाले. "मग त्या कासवाचं काय झालं?"

मी पातेलं खाली ठेवलं, पायातल्या चपला काढल्या, एक माझी आणि एक बिरादारची, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो.